कॉमिकमधला फसलेला शेवट कसा तपासावा: स्पायडरमॅनच्या ‘वन मोर डे’च्या निमित्ताने

सुपरहिरोंची कॉमिक्स वर्षानुवर्षे वाचणाऱ्या माणसाच्या वाट्याला कधी ना कधी असा शेवट येतोच, की जो वाचल्यावर अंक हातात तसाच राहतो आणि पुढचा अंक उघडण्याची इच्छाच मरून जाते. काही अंकांत मिळून पुरी होणाऱ्या कथेला हे वाचक ‘आर्क’ म्हणतात. अशी आर्क शेवटी फसली की पहिल्यांदा राग येतो, आणि तो रास्तही असतो. पण ‘शेवट भिकार होता’ एवढ्यावर थांबले, तर नेमके काय बिघडले हे आपले आपल्यालाही उमगत नाही. पुढे कोणी त्या शेवटाची बाजू घेऊन बोलू लागले की आपल्याजवळ चिडचिडीखेरीज काही उरत नाही. म्हणून फसलेला शेवट शांतपणे कसा तपासावा, हे येथे एका खऱ्या उदाहरणावरून सांगतो. उदाहरण आहे मार्व्हल या अमेरिकी कॉमिक प्रकाशनसंस्थेच्या ‘वन मोर डे’ या स्पायडरमॅनच्या कथेचे. शेवट सांगितल्यावाचून हे लिहिणे शक्य नाही, तेव्हा ज्यांना ती कथा कोऱ्या मनाने वाचायची आहे त्यांनी आधी ती वाचावी.

ही कथा सप्टेंबर ते डिसेंबर 2007 या काळात चार अंकांत प्रसिद्ध झाली. पहिला भाग ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या 544व्या अंकात आला, मधले दोन भाग ‘फ्रेंडली नेबरहूड स्पायडरमॅन’ 24 आणि ‘सेन्सेशनल स्पायडरमॅन’ 41 या अंकांत आले आणि शेवट ‘अमेझिंग’च्या 545व्या अंकात झाला. लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की होते. चित्रे जो क्वेसाडा यांची होती आणि त्या वेळी मार्व्हलचे मुख्य संपादकही तेच होते. स्पायडरमॅनला, म्हणजे पीटर पार्करला, आईच्या मायेने वाढवणारी मे काकू गोळी लागून रुग्णालयात बेशुद्ध पडलेली असते. डॉक्टर हात टेकतात, डॉक्टर स्ट्रेंजची जादूही कामी येत नाही. तेव्हा मेफिस्टो नावाचा सैतान पीटर आणि त्याची पत्नी मेरी जेन यांच्यासमोर सौदा मांडतो: काकू वाचेल, पण त्या बदल्यात तुमचे लग्न मला द्या, म्हणजे ते कधी झालेच नव्हते असे जग मी घडवीन. दोघे कबूल होतात. मध्यरात्र उलटते आणि पीटर काकूच्या घरी, एकटा, अविवाहित असा जागा होतो. त्याचा मुखवट्यामागचा चेहरा जग विसरलेले असते आणि कित्येक वर्षांपूर्वी मेलेला त्याचा मित्र हॅरी ऑसबॉर्न जिवंत असतो.

तपासणीची सुरुवात शेवटच्या अंकापासून करू नये. आर्क जिथून खरोखर सुरू झाली तो अंक आधी शोधावा, आणि तो बहुधा मुखपृष्ठावर ‘भाग 1’ असे छापलेल्या अंकाच्या पुष्कळ मागे असतो. या कथेची मुळे 2006 सालच्या ‘सिव्हिल वॉर’ या मार्व्हलच्याच कथेत आहेत. टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, आग्रहावरून पीटर तिथे पत्रकारांसमोर मुखवटा काढतो आणि आपले नाव जगाला सांगतो. त्यानंतर 538व्या अंकात तुरुंगातल्या किंगपिन या गुन्हेगारांच्या म्होरक्याने नेमलेला मारेकरी त्याच्यावर नेम धरतो. पीटर मेरी जेनला घेऊन खाली झेपावतो आणि गोळी मे काकूला लागते. पुढचे पाच अंक, 539 ते 543, पीटर पुन्हा काळा पोशाख चढवून सूड शोधत हिंडतो. 542व्या अंकात तो तुरुंगात शिरून किंगपिनला सगळ्या कैद्यांदेखत ठोकून काढतो, त्याला जिवंत सोडतो आणि काकू गेली की मी परत येईन व तुला संपवीन असे बजावून निघून जातो.

हे सगळे अंक क्रमाने काढून एका बैठकीत वाचावेत, आणि वाचताना शेजारी एक साधी वही ठेवावी. प्रत्येक अंक संपला की एकच गोष्ट लिहावी: या अंकाने माझ्या मनात कोणता प्रश्न सोडला? मी असे वाचन केले तेव्हा वहीत तीन ओळी उरल्या. मुखवटा काढण्याच्या निर्णयाची किंमत पीटर कशी चुकवणार? किंगपिनला दिलेला शब्द तो पाळणार की मोडणार, आणि पाळला तर तो कोण बनेल? जी माणसे त्याच्यामुळे धोक्यात आली त्यांना तो तोंड कसे दाखवणार? हे प्रश्न मी बाहेरून लादलेले नाहीत, कथेनेच ते पाने खर्चून उभे केले होते. आता शेवटचा अंक उघडावा आणि त्याने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले ते पाहावे. ‘वन मोर डे’च्या शेवटाने या तिन्ही प्रश्नांना हातच लावला नाही. त्याने ‘पीटरचे लग्न कसे नाहीसे करावे’ या चौथ्याच प्रश्नाचे उत्तर दिले, आणि तो प्रश्न कथेतल्या कोणत्याही पात्राने विचारलेला नव्हता. तो संपादकांच्या टेबलावरचा प्रश्न होता. माझ्या मते बहुतेक फसलेल्या शेवटांचे दुखणे याच जागी असते, म्हणून वहीतल्या या ओळींना मी इतके महत्त्व देतो.

यानंतरचे काम अधिक बारकाईचे आहे: पात्राच्या आयुष्यात असाच प्रसंग पूर्वी आला होता का, आणि तेव्हा ते कसे वागले होते, हे पाहणे. मे काकू मरणाच्या दारात असण्याची ही पहिली वेळ नाही. 1966 सालच्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या 33व्या अंकात, म्हणजे स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांच्या काळात, काकू अशीच अत्यवस्थ असते आणि दोष पुन्हा पीटरचाच असतो, कारण त्याने दिलेल्या किरणोत्सारी रक्ताने तिच्या शरीरात विष पसरलेले असते. औषध पीटरला मिळते, पण डॉक्टर ऑक्टोपस या खलनायकाच्या पाण्याखालच्या अड्ड्यात एक प्रचंड यंत्र त्याच्या अंगावर कोसळते. औषधाची नळी त्याच्या समोरच जमिनीवर पडलेली आहे, हात पोहोचणार नाही एवढ्याच अंतरावर, आणि छतातून पाणी गळते आहे. त्या अंकाची सुरुवातीची पाने संथपणे पाहावीत, संवाद झाकून पाहिली तरी चालेल. डिटको चौकटींमधून त्या यंत्राचे वजन वाढवत नेतात. पीटर वाकलेला, मग किंचित वर, मग पुन्हा खचलेला दिसतो, त्याच्या मनात बेन काका आणि मे काकू येऊन जातात, आणि अखेर पानभर पसरलेल्या एकाच चित्रात तो ते धूड खांद्यावरून भिरकावून देतो. काकू वाचते ती त्याच्या हाडांच्या बळावर. त्या अंकात किंमत पीटरने स्वतः, आपल्या अंगावर, आपल्यासमोर मोजलेली आहे.

आता हे दोन अंक शेजारी ठेवावेत. दोन्हीकडे काकू मरणोन्मुख आहे, दोन्हीकडे कारण पीटर आहे आणि दोन्हीकडे शेवटी काकू वाचते. म्हणजे ‘परिणाम’ एकच आहे. तरीही एक अंक साठ वर्षे वाचकांच्या मनात घर करून राहिला आणि दुसऱ्याने त्यांना घायाळ केले. वाचकाने शेवटाबद्दल तक्रार करताना परिणाम आणि मार्ग हे दोन वेगळे धरावेत, हे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच. काकू वाचली याचे कोणालाच वाईट वाटलेले नाही. वाईट वाटले ते ज्या रीतीने ती वाचली त्याचे.

मार्ग तपासायचा असेल तर ‘किंमत कोणी दिली?’ एवढे विचारावे. 545व्या अंकात हा हिशेब मांडला की काळजात चर्र होते. सौद्यापूर्वीच्या भागात पीटरला रस्त्यात लाल केसांची एक लहान मुलगी भेटते. ती कोण हे त्याला तेव्हा कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. शेवटच्या भागात मेफिस्टो उलगडा करतो, की ही त्या दोघांना पुढे झाली असती ती मुलगी. म्हणजे किंमत त्या मुलीने दिली, जिला कोणी विचारले नाही. किंमत मेरी जेनने दिली. काकूलाही कोणी विचारले नाही, कारण ती बेशुद्ध होती, आणि जिने मुलासारख्या पुतण्याला जन्मभर प्रामाणिकपणा शिकवला त्या बाईने सैतानाशी झालेला असा सौदा कधी मान्य केला असता असे मला वाटत नाही. आणि पीटरने? सौद्याच्या अटीप्रमाणे तो सारे विसरतो. मेफिस्टोला रस आहे तो त्याच्या आत्म्याच्या खोल कोपऱ्यात उरणाऱ्या दुःखात, पण पुढच्या पानावर जो पीटर जागा होतो त्याच्या चेहऱ्यावर त्या दुःखाची खूणही नाही. ज्या पात्राचा जन्मच 1962 साली, हातून सुटू दिलेल्या चोराने बेन काकांचा जीव घेतल्यावर, केलेल्या कृत्याचे ओझे आयुष्यभर वाहण्यातून झाला, त्याचे ओझे येथे एका रात्रीत पुसून टाकले आहे. मला खुपते ते नेमके हे.

असे एक पान प्रत्येक फसलेल्या आर्कमध्ये असते. ते शोधून काढावे आणि त्याचे वर्णन आपल्या शब्दांत करून पाहावे: चौकटी किती आहेत, कोण कोणाकडे पाहते आहे, फुग्यांत शब्द किती आणि शांतता किती आहे. ‘पात्राशी विसंगत’ हा शब्द वाचक फार सैलपणे वापरतात. अमुक पानावर अमुक पात्राने अमुक केले आणि यापूर्वी अशाच वेळी त्याने तमुक केले होते, असे बोट ठेवून दाखवता आले तरच तो शब्द वापरावा.

तपासणी न्यायाची हवी असेल तर जे चांगले आहे तेही त्याच वहीत लिहावे लागते. ‘वन मोर डे’मध्ये ते आहे. मध्यरात्र जवळ येत असताना पीटर आणि मेरी जेन एकमेकांजवळ बसलेले असतात, त्या पानांतला जिव्हाळा खरा आहे. आणि निर्णयाच्या क्षणी मेरी जेन पीटरपेक्षा खंबीर दिसते. ती मेफिस्टोच्या कानात काहीतरी कुजबुजते आणि ते काय हे वाचकाला तेव्हा कळत नाही. हा धागा लेखकाने मुद्दाम मोकळा ठेवला होता आणि 2010 साली 638 ते 641 या अंकांतल्या ‘वन मोमेंट इन टाइम’ या कथेत तो पुढे उचलला गेला. शेवट फसला म्हणून ही पाने फसलेली ठरत नाहीत. उलट ती चांगली असल्यामुळेच शेवट जास्त लागतो.

पडद्यामागची माहिती मी मुद्दाम एवढ्या उशिरा आणतो आहे. वाचकाने ती आधी वाचू नये, कारण लेखक आणि संपादक यांच्यात काय झाले हे एकदा कळले की पानावर जे आहे ते दिसेनासे होते आणि आपण कथेऐवजी भांडण वाचू लागतो. पानांचा हिशेब पुरा झाला की मात्र ती जरूर वाचावी. पीटरचे लग्न त्याला प्रौढ करून टाकते आणि त्यामुळे कथांच्या वाटा बंद होतात, हे क्वेसाडा यांचे मत होते आणि ते त्यांनी उघडपणे मांडले होते. घटस्फोट घडवला किंवा त्याला विधुर केले तर तो आणखीच वयस्क वाटेल, म्हणून लग्न मुळातच झाले नव्हते असे करणे त्यांना बरे वाटले. स्ट्रॅझिन्स्की 2001 पासून ही मालिका लिहीत होते. शेवटाच्या तपशिलांवर त्यांचे संपादकांशी तीव्र मतभेद झाले आणि शेवटच्या दोन भागांवरून आपले नाव काढण्याचा विचार आपण केला होता, असे त्यांनीच नंतर जाहीरपणे सांगितले.

विरुद्ध बाजूचा युक्तिवाद नेहमी त्याच्या सर्वांत भक्कम रूपात घ्यावा. क्वेसाडा यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पीटर हे पात्र धडपडणाऱ्या तरुणाचे आहे, आणि दर महिन्याला निघणाऱ्या, कधीच न संपणाऱ्या मालिकेत पात्राचे वय वाढू देणे हा खरोखरचा पेच आहे. पण याला उत्तरही आहे आणि ते मराठी वाचकाला लांब जाऊन शोधावे लागत नाही. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आपल्यापैकी अनेकांनी मराठीतूनच वाचला. वेताळाचे जनक ली फॉक यांनी त्याचे आणि डायनाचे लग्न 1977 साली लावून दिले, पुढे त्यांना जुळी मुले झाली आणि वेताळाच्या कथा त्यानंतरही चालू राहिल्या. लग्नामुळे नायकाच्या वाटा बंद झाल्याच पाहिजेत असे नाही, हे एवढ्यावरून दिसते. स्वतः मार्व्हलनेही पुढे हे दाखवून दिले. 2015 सालच्या ‘रिन्यू युअर व्हाउज’मध्ये आणि 2024 साली जोनाथन हिकमन यांनी सुरू केलेल्या ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’मध्ये पीटर संसारी आहे, मुलाबाळांचा बाप आहे आणि कथेला त्याने काही बाधा येत नाही.

आपल्या रागात आठवणींचा वाटा किती आहे, हेही प्रामाणिकपणे तपासावे. पीटर आणि मेरी जेन यांचे लग्न 1987 साली ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या 21व्या वार्षिकांकात झाले, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये वेशभूषा केलेल्या कलाकारांनी तो विवाहसोहळा प्रेक्षकांसमोर सादरही केला होता. 1987 ते 2007 ही वीस वर्षे होतात. दहाव्या वर्षी ही मालिका धरलेला मुलगा या काळात तिशीला पोहोचला, त्याचेही लग्न झाले असेल. त्याला ते लग्न पुसले जाणे आपल्याच घरातली गोष्ट पुसल्यासारखे वाटले, तर ते स्वाभाविक आहे, पण तो कथेचा दोष म्हणून मांडता येत नाही. वहीचे एक पान यासाठी वेगळे ठेवावे आणि ‘मला वाईट वाटले कारण’ अशी सुरुवात करून जे येईल ते लिहावे. पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचा मृत्यू 1973 साली 121व्या अंकात झाला तेव्हाही वाचकांना अतोनात दुःख झाले होते. पण त्या कथेत कोणी काही विसरत नाही, पीटरच्या जाळ्याच्या हिसक्याने तिची मान मोडली का हा प्रश्न त्याला पुढे वर्षानुवर्षे छळतो, आणि म्हणून तो शेवट दुःखाचा असला तरी फसलेला नाही. दुःख देणारा शेवट आणि निराश करणारा शेवट यांची गल्लत होऊ लागली की मी हाच अंक पुन्हा काढतो.

नंतर आलेल्या कथांच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर शेवटाचे माप त्यांना लावू नये आणि त्यांचे माप शेवटाला लावू नये. जानेवारी 2008 मध्ये 546व्या अंकापासून ‘ब्रँड न्यू डे’ सुरू झाले, मालिका महिन्यातून तीनदा निघू लागली आणि त्या काळात काही फार चांगल्या कथा आल्या. त्या चांगल्या होत्या म्हणून मेफिस्टोचा सौदा योग्य ठरत नाही.

हे सगळे झाल्यावर आपले मत लिहायचे असेल तर ते एका पानात बसवावे. सुरुवातीला ज्यांनी वाचले नाही त्यांना सावध करावे. मग कथेने उभा केलेला प्रश्न एका वाक्यात, शेवटाने दिलेले उत्तर दुसऱ्या वाक्यात आणि बाकीची जागा त्या एका पानाच्या वर्णनाला द्यावी. लेखकाच्या किंवा चित्रकाराच्या हेतूवर, स्वभावावर, खासगी आयुष्यावर एक अक्षरही लिहू नये; त्यांनी जे छापले आहे त्यावर हवे तितके कठोर व्हावे. लिहून झाल्यावर एक रात्र जाऊ द्यावी आणि सकाळी प्रत्येक विशेषण काढून वाचून पाहावे. विशेषणे गेल्यावर जे उरते तेवढाच आपला मुद्दा असतो. माझ्या पहिल्या टिपणातून अशी नऊ विशेषणे गेली आणि लाल केसांच्या मुलीची चौकट तेवढी राहिली.

राहता राहिला संग्रहाचा प्रश्न. निराशेच्या भरात अंक विकून टाकू नयेत, कारण पुन्हा तपासायचे झाले तर तेच लागतात. मालिका नव्याने वाचू पाहणारे कोणी घरी आले, तर त्यांच्या हाती 545वा अंक आधी देऊ नये. मी 31 ते 33 हे तीन अंक काढून देतो, यंत्राखाली अडकलेल्या पीटरच्या पानांशी ते पोहोचेपर्यंत काही बोलत नाही, आणि पुढचे 2007चे अंक त्यांनी स्वतःहून मागितले तरच कपाटातून खाली काढतो.